जावरची उलटी मूस: जस्ताच्या उत्कलनांकाचा एक प्रकरण अभ्यास

उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत टिडी नदीच्या काठी जावर हे जुने खाणगाव आहे. तेथील काही घरांच्या भिंती विटांच्या नाहीत आणि दगडांच्याही नाहीत. वीतभर लांबीच्या, वांग्याच्या आकाराच्या, वापरून टाकून दिलेल्या मातीच्या मुशी एकमेकींवर रचून त्या उभ्या केलेल्या आहेत. परिसरात अशा मुशींच्या खापरांचे मोठमोठे ढीग पसरलेले आहेत. हातात घेतली तर प्रत्येक मूस एकच गोष्ट सांगते: बाहेरचा पृष्ठभाग आच आणि राख लागून काचेसारखा चकाकणारा, ओघळलेला, आणि आत सच्छिद्र, जळक्या खडीसारखा गाळ. या मुशींत जस्त तयार होत असे, पण त्यांच्यातून जस्त कधी ओतले गेले नाही. ते वाफ होऊन खाली उतरले. असे का करावे लागले, आणि भट्टीची सगळी रचना एका धातूच्या उत्कलनांकाभोवती कशी उभी राहिली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

1983 साली बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून येथे उत्खनन केले. के. टी. एम. हेगडे आणि पॉल क्रॅडॉक ही त्या कामाशी जोडलेली प्रमुख नावे. या उत्खननात मध्ययुगीन भट्ट्यांची एक रांगच हाती लागली. सात भट्ट्या शेजारी शेजारी होत्या, आणि शेवटच्या खेपेच्या मुशी काही ठिकाणी जागच्या जागी उभ्या होत्या. प्रत्येक भट्टीत सहा-सहाच्या सहा रांगा, म्हणजे 36 मुशी. सात भट्ट्यांच्या मिळून 252. हे एखाद्या वैद्याच्या रसशाळेतले प्रयोग नव्हेत, तर हा कारखाना होता.

अडचण नेमकी कोणती होती

पुढे दिलेली सर्व तापमाने अंश सेल्सिअसमध्ये आहेत आणि उत्कलनांक नेहमीच्या वातावरणीय दाबाला धरून आहेत. कथील 232 अंशांना वितळते, शिसे 327 ला, जस्त 419.5 ला, चांदी 962 ला, सोने 1064 ला, तांबे 1085 ला आणि लोखंड 1538 ला. माणसाला धातू कोणत्या क्रमाने साधले हे केवळ या यादीवरून सांगायचे ठरवले, तर जस्त तांब्याच्या फार आधी यायला हवे होते, कारण ते चुलीतल्या निखाऱ्यांवरही वितळते. प्रत्यक्षात तांबे, शिसे, कथील, चांदी आणि लोखंड हे सगळे हजारो वर्षे वापरात होते, पण शुद्ध धातू म्हणून जस्ताची मोठ्या प्रमाणावर निर्मिती फार उशिरा झाली. या उशिराचे कारण द्रवणांकाच्या स्तंभात सापडत नाही. ते शेजारच्या स्तंभात आहे.

तांबे 2562 अंशांना उकळते, कथील 2602 ला, लोखंड 2861 च्या आसपास आणि शिसे 1749 ला. (इतके वरचे उत्कलनांक प्रत्यक्ष उकळून मोजणे जवळजवळ अशक्य असल्याने ते बाष्पदाबाच्या, म्हणजे द्रवातून सुटणाऱ्या वाफेच्या दाबाच्या, मोजमापांवरून काढले जातात, आणि म्हणून दोन पुस्तकांतले आकडे थोडेफार वेगळे दिसतात. त्यात दोष नाही.) कोळशाच्या जुन्या भट्टीत या तापमानांच्या जवळपासही पोहोचता येत नाही. त्यामुळे या धातूंचे खनिज कोळशासह तापवले की धातू सुटतो, द्रव किंवा घन रूपात तळाशी राहतो आणि भट्टी गार झाल्यावर उचलता येतो. जस्ताचा उत्कलनांक मात्र अवघा 907 अंश आहे.

आता या 907 समोर दुसरा एक आकडा ठेवायला हवा, आणि माझ्या मते सगळे प्रकरण या एका तुलनेत सामावले आहे. भाजलेल्या जस्तखनिजात झिंक ऑक्साइड असते. कोळशाने त्यातला ऑक्सिजन काढून घ्यायचा, म्हणजे त्याचे क्षपण करायचे, तर वातावरणीय दाबाखाली सुमारे 950 अंशांच्या वर जावे लागते. काम बऱ्या वेगाने व्हायचे तर 1100 ते 1200 अंश लागतात. म्हणजे ज्या क्षणी जस्त धातुरूपात जन्माला येते, त्या क्षणी ते आपल्या उत्कलनांकाच्या वर असते. ते द्रव म्हणून तळाशी साचतच नाही. ते वायू म्हणून निघते, उघड्या भट्टीत हवेला भेटते, तेथल्या तेथे जळून पुन्हा झिंक ऑक्साइड होते आणि पांढऱ्या धुरासारखे निघून जाते. कारागिराने कितीही चांगले खनिज घातले आणि भाता कितीही जोमाने मारला, तरी तळाशी काही सापडत नाही. उलट आच जितकी मोठी, तितके जस्त लवकर पळते.

हा पांढरा धूर पाहायला आजही जावरला जावे लागत नाही. पितळ ओतणाऱ्या ओताऱ्याच्या भट्टीशेजारी मी तो अगदी जवळून पाहिला आहे. मुशीत तांबे आधी पूर्ण वितळवून घेतात, वर कोळशाचा चुरा पसरतात, आणि मग सांडशीत धरलेला जस्ताचा तुकडा पृष्ठभागावर न टाकता थेट तांब्याच्या पोटात खोल बुडवतात. तरीही मुशीच्या तोंडावर हिरवट-निळी ज्योत भडकते आणि पाठोपाठ दाट पांढरा धूर उठतो. हवेत तरंगणारे लोकरीसारखे हलके तंतू कपड्यांवर आणि पापण्यांवर येऊन बसतात. ते तंतू म्हणजे पळून जाता जाता जळलेले जस्त. हा धूर फार पोटात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, हे ओतकाम करणाऱ्यांना आणि जस्ताचा मुलामा दिलेले पाइप जोडणाऱ्या वेल्डरांना चांगले ठाऊक असते, म्हणून असे काम उघड्यावर किंवा धूर ओढून नेणाऱ्या पंख्याखालीच करावे.

जस्त धातू म्हणून हाती नसतानाही प्राचीन काळी पितळ बनत होते, ते या पळपुट्या वायूलाच पकडून. तांब्याचे तुकडे, जस्तखनिज आणि कोळसा बंद मुशीत भरून तांबे वितळणार नाही इतकी आच दिली, की जस्ताची वाफ घन तांब्यात मुरते. मात्र या पद्धतीने जस्ताचे प्रमाण साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. तांबे येथे वाफ शोषून घेणाऱ्या टिपकागदाचे काम करते. जावरच्या कारागिरांना मात्र वाफ तांब्यात मुरवायची नव्हती. त्यांना ती वाफ, वाफेच्या रूपात, हवा न लागू देता बाहेर काढून थंड करायची होती.

थंड करायचे, पण किती

येथे वरवर पाहता वाट मोकळी दिसते. जस्त 907 च्या खाली द्रव होते आणि 419.5 ला गोठते, म्हणजे द्रव जस्तासाठी जवळजवळ 490 अंशांची ऐसपैस जागा आहे. प्रत्यक्षात ती जागा बरीच अरुंद आहे.

पहिले कारण असे, की मुशीत जस्ताची वाफ एकटी नसते. झिंक ऑक्साइड आणि कोळसा यांच्या अभिक्रियेत जस्ताच्या प्रत्येक अणूमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू तयार होतो. दोन्ही वायू सारख्या प्रमाणात असल्याने जस्ताच्या वाट्याला एकूण दाबाचा निम्माच भाग येतो, आणि अर्ध्या दाबाखाली संघनन, म्हणजे वाफेचा द्रव होणे, 907 ला नव्हे, तर सुमारे 840 अंशांना सुरू होते. महाबळेश्वराच्या उंचीवर पाणी 100 च्या आधीच उकळते, त्याच नियमाचे हे दुसरे रूप.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. संघनन सुरू झाले म्हणजे संपले असे नव्हे. ओले कपडे 100 अंशांना न उकळताही वाळतात, तसेच द्रव जस्त उत्कलनांकाच्या पुष्कळ खालीही वाफ सोडत राहते. 717 अंशांना जस्ताचा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या जवळपास दहावा हिस्सा असतो. कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडताना तेवढे जस्त सोबत घेऊन जातो, आणि हिशेब केला तर एकूण जस्तापैकी नववा हिस्सा हातचा जातो. 580 च्या आसपास आल्यावर हे नुकसान टक्क्याभरावर येते. म्हणजे संघनन-नळीचे टोक 580 च्या खाली हवे. पण ते 420 च्याही खाली गेले, तर वाफेचे थेंब होत नाहीत. निळसर राखाडी भुकटी होते, जिचा प्रत्येक कण ऑक्साइडच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो आणि जी पुन्हा तापवूनही एकजीव होत नाही. म्हणून उपयोगाची जागा 490 अंशांची उरत नाही, ती 160 अंशांची उरते. एका बाजूला 1150 अंशांची भट्टी, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर 420 ते 580 मधली जागा. तापमापक नसताना ही जागा मातीने आणि अनुभवाने राखायची होती.

त्यात उष्णतेचे ओझे आहेच. द्रवणांकावर आलेले एक किलो जस्त वितळवायला सुमारे 112 किलोज्यूल पुरतात, पण उत्कलनांकावर आलेले एक किलो जस्त उकळून वाफ करायला जवळजवळ 1760 किलोज्यूल लागतात, म्हणजे सोळा पट. ही उष्णता नाहीशी होत नाही. वाफ थेंबात बदलते तेव्हा ती जशीच्या तशी परत मिळते, आणि ती काढून न नेल्यास नळी तापत तापत संघननच थांबते. किलोभर जस्ताच्या वाफेतून सुटणारी ही उष्णता पाच लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत नेऊ शकते.

आणि आकारमान? 100 ग्रॅम जस्त घन रूपात जेमतेम 14 घनसेंटिमीटर, चहाचे तीन चमचेही नाही. त्याची 907 अंशांवरची वाफ सुमारे 150 लिटर, आणि सोबत तितकाच कार्बन मोनॉक्साइड. मुशीच्या अरुंद तोंडातून हे सगळे बाहेर पडायचे असते. म्हणूनच काम चालू असताना आतला वायू सतत बाहेर रेटत राहतो आणि हवेला आत शिरू देत नाही. जे ओझे होते, तेच येथे झाकणाचे काम करते.

उलटी मूस

यावर जावरच्या लोकांनी शोधलेला मार्ग असा. भाजलेल्या खनिजाची पूड कोळशाची भुकटी व इतर द्रव्ये मिसळून लहान गोळ्यांच्या रूपात मुशीत भरायची. मुशीच्या तोंडात एक काडी खोचून मातीची नरसाळ्यासारखी नळी लिंपून बसवायची आणि मग सगळी मूस उलटी करायची. काडीमुळे गोळ्या खाली सांडत नाहीत. तापल्यावर काडी जळून कोळसा होते, तोवर आतली द्रव्ये एकमेकांना चिकटून घट्ट झालेली असतात, आणि काडीच्या जागी वाफेला वाट मिळते. टाकलेल्या मुशींतल्या गाळात ती वाट आजही पोकळ नळीसारखी दिसते. मला या सगळ्या रचनेत ही एक काडी फार मोलाची वाटते, कारण जी वस्तू सुरुवातीला बूच म्हणून आणि नंतर भोक म्हणून लागते, ती मुद्दाम जळणारीच निवडली आहे.

अशा 36 मुशी भोके पाडलेल्या मातीच्या जाड फरशीवर उलट्या उभ्या करत. फरशीच्या वर आगीचा कप्पा, त्यात मुशींची पोटे. फरशीच्या खाली थंड कप्पा, त्यात नळ्यांची टोके. फरशीतल्या लहान छिद्रांतून हवा वर जाई आणि राख खाली पडे. आग वरच्या कप्प्यात आणि थेंब खालच्या कप्प्यात, आणि दोहोंमध्ये एक मातीची फरशी. खालून वर शिरणाऱ्या हवेने आधी नळ्यांची उष्णता घ्यायची आणि मग तीच तापलेली हवा इंधनाला द्यायची, असा दुहेरी लाभ या मांडणीत आहे.

मराठीत डिस्टिलेशनला आपण सरसकट ऊर्ध्वपातन म्हणतो आणि त्या शब्दातला 'ऊर्ध्व' विसरून जातो. रसशास्त्रात मात्र पातनाचे तीन प्रकार वेगळे धरले आहेत: ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक्, म्हणजे वाफ वर नेऊन, खाली नेऊन किंवा आडवी नेऊन गोळा करणे. पारा 357 अंशांना उकळतो, त्याची वाफ वर ठेवलेल्या थंड भांड्याच्या तळाला धरता येते, म्हणून तेथे ऊर्ध्वपातन सोयीचे. जस्ताची वाफ वर नेली असती, तर भट्टीच्या आचेने वरचा भाग हवा तसा थंड राहिला नसता, आणि जे थेंब झाले असते ते परत तप्त मुशीत गळून पुन्हा उकळले असते. खाली नेल्यावर गुरुत्वच थेंब बाजूला काढते. जावरचे काम म्हणजे शब्दशः अधःपातन आहे. साधारण तेराव्या शतकातल्या रसरत्नसमुच्चय या ग्रंथात जस्त काढण्यासाठी वृंताकमूषा सांगितली आहे. वृंताक म्हणजे वांगे. तोंडावरची निळी ज्वाला पांढरी झाली की जस्त येऊ लागले, अशी खूणही तेथे आहे. उष्णतामापक नसताना रंग वाचणे हेच मोजमाप होते.

मुशीत काय उरते

जावरच्या खनिजात जस्ताच्या सल्फाइडसोबत शिशाचे आणि लोहाचे सल्फाइडही असते, आणि येथे उत्कलनांक दुसऱ्या बाजूने उपयोगी पडतो. ज्या तापमानाला जस्त निघून जाते, त्या तापमानाला लोह सुटले तरी वितळतही नाही, कारण 1538 अजून दूर असते. खनिजाभोवतीच्या डोलोमाइट खडकातला चुना आणि मॅग्नेशिया तर 2500 अंशांच्याही पुढे वितळतात, त्यामुळे मुशीतला भरणा पातळ होऊन खाली ओघळत नाही, जाळीदार राहतो आणि वाफेला वाट देतो. भरण्यात मीठही घालत असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मीठ 801 अंशांना वितळते, तेव्हा नेमके काम सुरू होण्याआधी गोळ्यांना सांधून धरायला ते उपयोगी पडले असणार.

शिशाबाबत मात्र आकड्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही. 1749 हा त्याचा उत्कलनांक भट्टीच्या तापमानाच्या बराच वर आहे, पण वाळणाऱ्या कपड्यांचा नियम शिशालाही लागू आहे. 1150 अंशांना तेही थोडी वाफ सोडते, आणि म्हणून मुशीतून काढलेल्या जस्तात शिशाचा अंश सापडतोच. कॅडमियमची गोष्ट याहून उलट. ते 767 अंशांनाच उकळत असल्याने जस्ताच्या आधी निघते आणि जस्तासोबतच खाली उतरते. असे जस्त बिदरी कामाला चालत असे. बीदरच्या त्या काळ्या, चांदीच्या जडावाच्या भांड्यांचा मुख्य धातू जस्तच आहे, त्यात तांबे थोडेसे.

पुढे काय झाले

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्या आणि खंडण्या यांनी मेवाड खिळखिळे झाले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुष्काळानंतर जावरच्या भट्ट्या थंडावल्या. आपल्या इतिहासाची ही बाजू मराठीत क्वचितच लिहिली जाते, म्हणून ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

दरम्यान ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने 1738 साली जस्तनिर्मितीचे पेटंट घेतले होते. त्याच्याही भट्टीत मूस वर होती आणि नळी तळातून खाली जात होती. ही कल्पना त्याच्यापर्यंत भारतातून पोहोचली की त्याच अडचणीने त्याला त्याच उत्तराकडे नेले, याचा वाद अभ्यासकांत आहे. 907 आणि 950 हे आकडे सर्वत्र सारखेच असल्यामुळे दुसरी शक्यता मला तितकीच सबळ वाटते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर याच अडचणीवर आलेले उत्तर वेगळे होते. मोठ्या झोतभट्टीत जस्त काढायचे तर वायूत कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, आणि वाफ सावकाश थंड झाली तर तो तिला पुन्हा ऑक्साइड करून टाकतो. म्हणून इंग्लंडमधील एव्हनमाउथ येथे वाफेवर वितळलेल्या शिशाचा पाऊस पाडण्याची पद्धत विकसित झाली. शिसे 327 ला वितळते आणि 550 अंशांना त्याची वाफ नगण्य असते. ते जस्ताला झटकन थंड करून स्वतःत विरघळवून घेते, आणि पुढे 440 च्या आसपास आणल्यावर शिशात न मावणारे जस्त हलके असल्यामुळे वर तरंगते. तापमानाची ही दोन्ही टोके त्याच 420 ते 580 च्या पट्ट्यात बसतात. राजस्थानात चंदेरियाला हीच पद्धत वापरली गेली.

जावरच्या डोंगरांतून जस्ताचे खनिज आजही निघते. त्यातला बराच भाग आता विद्युतविच्छेदनाने धातूत बदलतो: भाजलेले खनिज गंधकाम्लात विरघळवतात, द्रावण शुद्ध करतात आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर जस्ताचा थर चढवतात. थर चढताना द्रावण पन्नास अंशांच्याही फार वर जात नाही. सोलून काढलेले जस्ताचे पापुद्रे शेवटी फक्त वितळवून लाद्या ओततात, आणि त्या वितळवण्याच्या भट्टीवर 419.5 च्या पुढे किती जायचे, एवढेच पाहावे लागते.